मंडईची पाहुणी

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी अर्जुनीला थांबते आणि डबा निम्मा रिकामा होतो. उतरणाऱ्या बायकांच्या साड्यांची घडी आजच मोडलेली दिसते. पोरांच्या डोक्याला चोपून तेल लावलंय. एक जावईबापू मिठाईचा पुडा छातीशी धरून सासऱ्याला फोन लावतायत, "आलो बा, आलो." ही सगळी माणसं मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला निघालीत. मीही तिकडेच निघालेय. त्यांना कोणाच्या तरी घरी जायचंय, मला मात्र कोणाच्याच घरी जायचं नाही. आज दिवसभर एकटीनं हिंडायचं, मनात येईल तिथं बसायचं आणि कंटाळा आला की उठायचं, एवढाच माझा बेत आहे.

स्टेशनाबाहेर काळीपिवळी उभी आहे. नऊ माणसांच्या जागेत चौदा माणसं बसवून ती निघते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आहेत. हलका धान दिवाळीआधीच कापून झालाय आणि भारी धानाच्या कडपा आता बांध्यांत वाळत पडल्यात. काही ठिकाणी धानाची पुंजणी रचून तयार आहेत, चुरणं म्हणजे मळणी व्हायची बाकी आहे. शेजारी बसलेले मामा बाहेर बघत म्हणतात, "पानी पडलं नाही पायजे आता." बाकीचे माना डोलावतात आणि गप्पा धानाच्या बोनसवर जातात. वर्षभराचा घाम अजून शेतात उघडा पडलाय, तरी आज माणसं जत्रेला निघालीत.

भाऊबीजेपासून गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या झाडीपट्टीत मंडयांचा हंगाम सुरू होतो. प्रत्येक गाव आपला दिवस ठरवतं. आज या गावाची मंडई, उद्या पलीकडच्या गावाची, परवा तिसऱ्याची. दिवस वेगवेगळे असले की आजचं यजमान गाव उद्या पाहुणं म्हणून जाऊ शकतं. दुकानं, पाळणे आणि कलावंतही त्याच क्रमानं गावोगाव सरकत जातात. माहेरवाशिणी आलेल्या असतात, त्यामुळे भावाबहिणींची भेट होते. लग्नाच्या पोरापोरींना दुरून बघून घेण्याची सोय होते, आणि सोयरीकीच्या कित्येक गोष्टी चहाच्या ठेल्यावर निघून पानठेल्यावर पक्क्या होतात.

गावाच्या तोंडाशी उतरते. मामा तलावाची पाळ, पाळीखाली मोठं पटांगण आणि पटांगणाच्या मधोमध आकाशपाळणा. मालगुजारांच्या काळातले हे तलाव या जिल्ह्यात गावोगाव आहेत. माजी मालगुजारी म्हणून कागदोपत्री ते मामा तलाव झाले आणि लोकांच्या तोंडीही तेच बसलं. पाण्यावर शिंगाड्याच्या वेली पसरल्यात. भोंग्यातून एकाच वेळी तीन गाणी आणि एक घोषणा ऐकू येते. हरवलेल्या पोराचं नाव सांगत असावेत, पण त्यावर कोणीतरी डीजेचा आवाज वाढवतं.

कुंपण नाही, फाटक नाही, तिकीटखिडकीही नाही. मुंबईच्या गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं, पण अशा ठिकाणी दिवसभराचे पैसे दारातच मोजून घेतात. मग माणूस ते वसूल करायच्या मागे लागतो. नकाशा उघडतो, कुठली रांग लहान आहे ते बघतो, एक खेळ हुकला तरी हळहळतो. इथं प्रत्येक गोष्टीचे पैसे वेगळे, आणि बघत उभं राहायला काहीच लागत नाही. काही वसूल करायचं नसल्यामुळे घाईही नाही. मी पानठेल्याशेजारच्या बाकावर अर्धा तास नुसती बसून राहते. ठेलेवाला खर्रा घोटतोय. मी काही मागत नाही म्हणून तो मला उठवत नाही. फक्त विचारतो, "कोनाघरी आल्या बाई?"

"कोणाघरीच नाही. मंडई बघायला आले."

"असं?" म्हणून तो पुन्हा घोटायला लागतो. उत्तर त्याला पटलेलं नाही.

डफाचा आवाज जवळ येतो आणि गर्दी आपोआप दुभंगते. गोवारी समाजाची मंडळी ढाल घेऊन येतायत. उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, वर मोरपिसांचा झुबका. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी यांनीच गावाच्या गायी सजवून शेणाच्या गोधनावरून नेल्या आणि लोकांनी तिथल्या शेणाचा टिळा कपाळाला लावला. गावची गुरं राखणाऱ्यांचा मान आज मंडईत सगळ्यांच्या आधी आहे. ढाल धरणारा माणूस साठीचा असावा. बांबू कमरेला टेकवून तो तोल सांभाळत नाचतो, आणि वरचा झुबका आभाळात डुलतो. बायका पुढं होऊन ढालीच्या पाया पडतात. ढाल मंडईभर फिरते. ती फिरल्यावर मंडई खऱ्या अर्थानं भरली, असं बाजूचे एक आजोबा मला सांगतात. मग तेही विचारतात, "कोन्या घरच्या पावन्या?"

ढाल पुढं जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत दंडार उभी राहते. गडी हातात टिपऱ्या घेऊन गोल धरतात. मधे लुगडं नेसलेला एक पोरगा, तोंडाला पावडर आणि ओठांना लाली. त्याच्या मिशीची कोवळी रेघ पावडरीखालून दिसते, पण त्यानं पदर सावरला की कोणी मिशीकडे बघत नाही. टिपरीवर टिपरी पडते, पाय एकदम उचलतात आणि धूळ गुडघ्यापर्यंत येते. नाचणाऱ्यांत काल बांधीत विळा चालवणारे हात आहेत. त्यांच्या बोटांना बांधलेल्या चिंध्यांवरून ते ओळखू येतात. बसायला सतरंजी नाही. मी तलावाच्या पाळीवर टेकते. तिथून दंडारही दिसते आणि बाजारही.

दुपारी भूक लागते. भजी तळणाऱ्याच्या कढईभोवती गर्दी आहे, जिलेबीवाल्यापाशी त्याहून जास्त. मी पाळीच्या कडेनं ओळीनं बसलेल्या ढिवर बायकांकडे वळते. त्यांच्या टोपल्यांत शिंगाडे आहेत. एका बाजूला हिरवे कच्चे, दुसऱ्या बाजूला उकडून काळेकुट्ट झालेले. शिंगाड्याला दोन्ही बाजूंनी काटे असतात. तोडायला कमरेइतक्या किंवा गळ्याइतक्या पाण्यात उतरायचं, वेल उलटायची, खालचं फळ चाचपून खुडायचं आणि वेल पुन्हा सरळ करून ठेवायची. आठवड्यानं त्याच वेलीवर परत यायचं असतं. शिंगाडे मोजणारी बाई सांगता सांगता तळवे पुढं करते. पाण्यानं पांढरे पडलेले, काट्यांनी टोचलेले. "तुम्ही सोलून देऊ नका, मी सोलते," मी म्हणते. ती हसते आणि वर दोन जास्त टाकते. दातांनी साल फोडायची, आतला पिठाळ गर खायचा आणि टरफल तिथंच खाली टाकायचं. कोणाशी बोलायचं नसलं तर शिंगाड्यांसारखं दुसरं खाणं नाही, तोंड आणि हात दोन्ही गुंतून राहतात.

बाजारातून हळूहळू फिरते. बांगड्या, रिबिनी, प्लास्टिकचे ट्रॅक्टर, विळे-कुऱ्हाडी, फुगे फोडायची बंदूक, साबणावर रिंग टाकायचा खेळ. एका कोपऱ्यात फडक्यावर झेंडीमुंडीचा जुगार मांडलाय. खाकी रंग दिसला रे दिसला की फडकं, डबा आणि मालक तिघंही नाहीसे होतात. गोदणंवाल्यानं बॅटरीवर चालणारी मशीन लावलीय. समोर बसलेली पोरगी मनगटावर स्वतःचं नाव गोंदवून घेतेय आणि डोळे घट्ट मिटून आजीचा हात दाबतेय. आजीच्या हातावर कोपरापर्यंत जुनं हिरवं गोदणं आहे. ते सुयांनी काढलेलं, ठिपक्यांचं. "आमच्या वेळी नाव नव्हते टाकत," आजी म्हणतात. "लिवता कोनाला येत होतं?" पोरगी डोळे मिटूनच हसते.

आता पाळणा. मघापासून मी त्याच्याभोवती घुटमळतेय. डिझेल इंजिन धडधडतंय, पट्टा चाकाला फिरवतोय. मालकाची माणसं छत्तीसगडकडची असावीत, बोलणं हिंदी आहे. मी पैसे पुढं करते तसा तिकीट फाडणारा माझ्या मागं बघतो.

"अकेले हो दीदी? रुको, वजन देखना पडता है."

त्याचं म्हणणं खरं आहे. चाकाच्या एका बाजूला भरलेले पाळणे आणि समोरच्या बाजूला रिकामे, असं झालं तर इंजिनावर ताण येतो आणि चाक एका अंगाला झोल खातं. म्हणून तो क्रमानं माणसं भरत नाही. एक पाळणा खाली भरला की चाक अर्धं फिरवतो आणि समोरचा भरतो. जाडा माणूस इकडे बसला तर तिकडे दोन पोरं. एकट्या माणसाला पूर्ण पाळणा देणं त्याला परवडत नाही, आणि एकटा माणूस कुठंही खपतो. चाक थोडं फिरतं. एका पाळण्यात मघाच्याच गोदणंवाल्या आजी बसल्यात, नातवाला मांडीवर घेऊन. मनगट फुंकत नात खालीच उभी आहे, तिला भीती वाटते. तिची जागा मला मिळते. मोठ्या थीम पार्कांत एकट्या माणसांची वेगळी रांग करतात, उरलेल्या खुर्च्या त्यांच्याकडून भरून घेतात. इथं ते काम तिकीट फाडणारा नुसत्या नजरेनं करतो.

चाक वर जातं आणि माथ्यावर थांबतं. खाली पाळणे भरणं चालू आहे, आम्ही वर लटकलेलो. तिथून सगळं दिसतं: कौलं, पुंजणी, तलाव आणि त्यापलीकडे नवेगावबांधकडचे डोंगर. त्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी त्या डोंगरांमधलं पाणी बांध घालून अडवलं आणि एवढा मोठा जलाशय झाला की आज त्याच्याभोवती राष्ट्रीय उद्यान आहे. कोहळी समाजाचं हे तलावांचं शास्त्र नसतं तर इथं एवढा धान नसता, आणि धान नसता तर या दिवसांत गावाच्या हातात पैसा नसता.

असं पहिलं प्रचंड चाक १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या इंजिनिअरनं उभं केलं होतं. उंची २६४ फूट, ३६ डबे, एकेका डब्यात साठ माणसांची सोय. पॅरिसच्या आयफेल टॉवरला उत्तर म्हणून लोखंडात केलेला तो अमेरिकेचा रुबाब होता. आमचा पाळणा गावातल्या चिंचेपेक्षा थोडासाच उंच आहे. पण त्या अडीचशे फुटांवरूनही माणसांनी पहिल्यांदा स्वतःचंच घर शोधलं असणार, कारण माझ्या शेजारी तेच चाललंय.

"तो पाय, आपला वाडा," आजी नातवाला दाखवतात. "अन् त्या कडपा आपल्या." मग माझ्याकडे वळतात. "तुमी कोनाघरी आल्या?"

वर लटकलेली असताना या प्रश्नातून सुटका नाही. मी खरं ते सांगते. आजी जरा वेळ काही बोलत नाहीत. चाक सुटतं, पोटात गोळा येतो, नातू किंचाळतो आणि आजी एका हातानं नातवाला, दुसऱ्या हातानं मला धरून ठेवतात. उतरताना म्हणतात, "संध्याकाळी जेवाले ये. तलावाच्या पाळीजवळचा निळ्या दाराचा वाडा." उत्तराची वाट न बघता त्या जिलेबीकडे निघून जातात.

चारच्या सुमारास खडी गंमत सुरू होते. आज दुय्यम आहे, म्हणजे दोन शाहिरांचे दोन संच समोरासमोर. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. ढोलकी, तुणतुणं आणि टाळ. साडी नेसलेला नाच्या पहिल्याच गिरकीत पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपी पळवतो आणि सगळं पटांगण हसतं. पुराणातला सवाल येतो, मग दारूवर, मग सासू-सुनेवर, मग धानाच्या भावावर. धानाच्या भावावरच्या ओळीला सर्वांत मोठी दाद मिळते. बक्षिसं माईकवरून जाहीर होतात. अमुक गावच्या अमुक पाटलांकडून पन्नास रुपये, संच त्यांचा आभारी आहे. नाव पुकारलं की तो माणूस मान ताठ करून इकडेतिकडे बघतो. बक्षिसापेक्षा त्या पुकाराची किंमत जास्त आहे.

मीही दहाची नोट पुढं पाठवते. नोट हातोहात रंगमंचापर्यंत जाते आणि मागून निरोप येतो: नाव सांगा, गाव सांगा, कोनाघरी आल्या ते सांगा. मी मान हलवते. माईकवाला क्षणभर अडखळतो. मग म्हणतो, "मंडईच्या पाहुणीकडून दहा रुपये!" ढोलकीवर थाप पडते. शेजारच्या बायका सरकून मला सतरंजीवर जागा करून देतात आणि त्यानंतर मला कोणी काही विचारत नाही.

दिवे लागतात. मी निळ्या दाराचा वाडा शोधते. शोधायला वेळ लागत नाही, कारण पोरं आधीच ओरडतात, "मंडईच्या पावन्या आल्या!" आत दोन जावई, तीन लेकी, त्यांची पोरं आणि कोण कोणाचं ते विचारू नये इतकी माणसं आहेत. पंगत चालू आहे. नव्या हलक्या धानाचा भात, त्यावर कोंबडीचा लाल रस्सा. नव्या तांदळाच्या भाताला वास असतो आणि तो जरा चिकट होतो. आजी वाढताना विचारत नाहीत, नुसतं वाढतात. मी एकटी आहे याची इथं कोणाला काळजीही नाही आणि कुतूहलही नाही. पानावर बसले म्हणजे मी घरची.

जेवणानंतर घरच्या बायका शाली घेऊन निघतात. नाटक आहे. झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर इथून फार लांब नाही, याच रेल्वेमार्गावर पुढं वडसा लागतं. तिथं नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीनं आहेत आणि दिवाळीपासून होळीपर्यंत तिथले संच रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात असतात. या काळात शेकडो प्रयोग होतात, तेही तिकीट लावून. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. झाडीपट्टीत ते घराघरांत ठाऊक होतं.

तिकिटाच्या टेबलापाशी पोरगा विचारतो, "किती?"

"एक."

"एकच? मग समोरचं घ्या मॅडम. दुसऱ्या रांगेत एक खुर्ची उरलीय." मागून आलेल्या सहा जणांच्या घोळक्याला तो नवव्या रांगेत पाठवतो.

दहा वाजून गेल्यावर पडदा उघडतो. वादकांचा संच समोरच बसलाय, ऑर्गन आणि ऑक्टोपॅडसह. कथा घरातली आहे: मोठा भाऊ, धाकटा भाऊ, वाटणी आणि मधे अडकलेली आई. गाणं येतं, विनोदी पात्र येतं, एक नाच होतो आणि पुन्हा आई रडते. थंडी वाढते. तलावावरून धुकं पटांगणात उतरतं आणि मंडपातल्या शाली गळ्यापर्यंत चढतात. मध्यंतरात चहा फिरतो. माझ्या शेजारच्या काकू गोष्टीत इतक्या शिरल्यात की धाकट्या भावाला मोठ्यानं शिव्या घालतात. नट थांबतो, त्यांच्याकडे बघतो आणि त्याच तोऱ्यात पुढचं वाक्य म्हणतो. लोक टाळ्या वाजवतात. नाटक संपतं तेव्हा पूर्वेला उजाडू लागलेलं असतं आणि काळीपिवळी स्टेशनाकडे जायला तयार उभी असते.

दिवस मनासारखा गेला, हा माझा निवाडा. दिवसभर मला कोणी ओढून नेलं नाही, कोणासाठी थांबावं लागलं नाही, काही बघायचं राहिलं म्हणून चुटपूट लागली नाही. पाळण्यात, सतरंजीवर, पंगतीत आणि नाटकाच्या दुसऱ्या रांगेत एका माणसापुरती जागा प्रत्येक वेळी निघाली. घोळक्यानं येणाऱ्याला मंडई दिसते ती आपल्या माणसांच्या खांद्यावरून. एकट्याला ती सरळ समोरून दिसते.

तेव्हा भाऊबीजेनंतरच्या पंधरवड्यात गोंदियाची गाडी पकडा. अर्जुनीला उतरा, नाहीतर रस्त्यानं सडक अर्जुनी, देवरी, कुठंही जा आणि आज मंडई कुठं आहे ते पहिल्या पानठेल्यावर विचारा. रात्रीसाठी एक शाल आणि बक्षिसासाठी सुटे पैसे जवळ ठेवा. जेवणाचा डबा मात्र आणू नका.